उनपदेवचा हिशेब

लाईटबिलाच्या पाठीमागे कोकिळानं उभी रेघ मारली.
डावीकडे जाणं, उजवीकडे येणं.
रविवारी डाळमिल बंद. हातात तीनशे साठ.
त्यातले साठ मोडायचे नाहीत,
ते कोणाला काही झालं तर.

अजिंठा पहिल्याच दमात कापला,
पाहायलाही तिकीट.
पाटणादेवीला गाडी बदला, पुन्हा बदला.
पालला डोंगर चांगला, पण परतीची एस.टी. चुकली
तर रात्र कोणाच्या ओट्यावर?
पद्मालयाला मागच्या वर्षी जाऊन आलो.
माकडानं चैतालीची एक चप्पल नेली.
दुसरी तिनं अजून ठेवली आहे, पुरावा म्हणून.
मेहरूण तलाव म्हटल्यावर तीच म्हणाली,
पप्पा, सायकलनं जाता येतं
त्याला सहल म्हणत नाहीत.

उरलं उनपदेव.
पौषाची थंडी, आणि तिथं बारा महिने
गोमुखातून ऊन पाणी.
देवानं एवढा गिझर चालू ठेवलाय, कोकिळा म्हणाली,
आणि बिल आपल्या नावावर येत नाही.

अडावदपर्यंत पूर्ण तिकीट पन्नास.
बाईमाणसाला अर्धं, म्हणजे ती आणि चैताली.
हर्षलचं वयानं अर्धं.
घरात पूर्ण तिकिटाचा माणूस मी एकटा,
महाग पडतो, असं ती लिहिता लिहिता म्हणाली.
जाऊन-येऊन अडीचशे.
राहिले पन्नास, ते अडावदहून पुढे रिक्षाला.
येताना उतार आहे, येऊ चालत.
जेवण घरचं: कळण्याच्या भाकरी, ठेचा,
आणि शेजारच्या लीलाधरनं दिलेला केळीचा फणा,
व्यापाऱ्यानं डाग पाहून बाजूला टाकलेला.

मग खालच्या आवाजात:
हर्षलला बुधवारी बारा झाले.
कोणी विचारलं तर साडेअकरा सांगू.
खिडकीकडे बसव त्याला, जरा वाकून.
तो तिथंच होता. पेन्सिलीला टोक करत होता.

सकाळची गाडी. विदगावचा पूल, खाली तापी,
पाण्यावर धूर असावा तसं धुकं.
कंडक्टर बाई आमच्या सीटपाशी थांबली.
कितला वरीसना से रे पोऱ्या?
मी तोंड उघडलं होतं.
"बारा पूर्ण. बुधवारी झाले."
इतकं सरळ बसून म्हणाला
की त्याचं डोकं माझ्या कानापर्यंत आलं.
बाईनं माझ्याकडे पाहिलं, मी पुलाकडे.
पूल केव्हाच मागे गेला होता.
मशीननं टर्रकन् कागद काढला,
दोन पूर्ण, दोन अर्धी.

कोकिळा धानोऱ्यापर्यंत काही बोलली नाही.
ओठ हलत होते, म्हणजे वजाबाकी चालू होती.
जाताना पंचवीस, येताना पंचवीस.
गेली रिक्षा.

अडावदहून निघालो पायी,
दोन्ही बाजूंना केळी, पुढे सातपुडा,
जवळ दिसतो आणि मुळीच जवळ नसतो.
चैतालीनं पिशवी भावाच्या खांद्यावर टाकली.
पूर्ण तिकीट आहे ना तुझं, मग उचल.
त्यानं उचलली. ठेच्याचा डबा त्यात वाजत राहिला.
मी म्हणालो, दे इकडे.
म्हणाला, राहू द्या.
मी दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, म्हणालो नाही.

पाणी खरंच चटका देणारं.
पाय घालून आधी सगळे ओरडलो,
मग कोणालाच बाहेर यायचं नव्हतं.
कोकिळा पदराची गाठ न सोडताच
सगळ्यांच्या आधी गळ्यापर्यंत बसली.
मिलमधल्या डाळीची पिवळी भुकटी
माझ्या नखांतून सुटत होती की नाही, कळलं नाही.
हर्षल काठावर भाकऱ्या मोजत होता,
मोजून स्वतःची एक त्यानं बहिणीकडे सरकवली.
पंचवीस रुपये फेडायचे असतील,
किंवा भूक नसेल. विचारलं नाही.

रात्री घरी दोरीवर टॉवेल,
टॉवेलाशेजारी चिमट्याला लावलेल्या
विसाच्या तीन नोटा, ओल्या,
न मोडलेल्या.